घासलेला नीलम

"मॅडम, माझा खडा बदलला! ही तर काच वाटते."

निंबोल्याच्या सुमनबाईंनी भावानं दिलेली अंगठी माझ्या टेबलावर ठेवली. बुऱ्हाणपुरात, राजपुऱ्यातल्या एका सराफाकडे मी खड्यांचं टेस्टिंग करत असे. दारात कारागीर गोपाळकाका उभे होते. केस पांढरे होईपर्यंत त्यांनी याच दुकानात काम केलं होतं.

शेठजी म्हणाले, "गोपाळ, सच बोल. नाहीतर उद्यापासून येऊ नको."

"शेठजी, मी फक्त घासला."

मुलांनो, नीलम कातडीला टेकला तरच लागू पडतो, अशी आपल्याकडे समजूत आहे. या खड्याचं खालचं टोक बोटाला टोचत होतं, म्हणून बाईंनी अंगठी आमच्याकडे दिली होती. काकांनी ते घासून सपाट केलं आणि निळा खडा जवळजवळ पांढरा झाला.

मी रजिस्टर उघडलं. खडा दुकानात आला की त्याच्या आतल्या खुणांचं चित्र मी काढून ठेवायचे. दोन सुया, एक ठिपका. भिंगातून पाहिलं, सगळं जागच्या जागी.

"शेठजी, खडा तोच आहे."

"मग रंग काय उडून गेला?"

वाटीत ग्लिसरीन घेऊन मी खडा बुडवला; त्यात चकाकी मावळते आणि रंग नेमका कुठं आहे ते दिसतं. वरच्या पैलूंच्या कडांवर गडद निळ्या रेघा उमटल्या. घासलेली बाजू कोरी.

नीलम म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइडचा स्फटिक. फिकट खडा टायटॅनियमच्या पावडरीत ठेवून भट्टीत खूप तापवला, की टायटॅनियमचे अणू स्फटिकातल्या एकेका जागेवरून आत सरकतात आणि खड्यातल्या लोहासोबत निळा रंग देतात. याला डिफ्यूजन म्हणतात. पण चाल फार मंद. मिठातल्या कैरीसारखं, पहिल्या दिवशी मीठ सालीपाशीच असतं. रंगही तेवढाच, वरवरचा.

ग्लिसरीनची परीक्षा मी खडा आला तेव्हाच करायला हवी होती. भिंगावर भागवलं. चूक माझी, आणि चोर ठरत होते काका. मी तसं सगळ्यांसमोर सांगितलं.

सुमनबाई हळूच म्हणाल्या, "म्हणजे माझ्या भावानं मला फसवलं?"

गोपाळकाका म्हणाले, "नाही ताई. त्याला कोणी सांगितलंच नसेल. खडा नीलमच आहे, आणि त्यानं मनापासून दिलाय."

बाईंनी डोळे पुसले. "काका, मी तुम्हाला चोर बोलली."

"राहू द्या. बोट दाखवा."

काकांनी अंगठी चढवली. बाईंनी मूठ मिटून उघडली.

"आता टोचत नाही," त्या म्हणाल्या.

त्या दिवशी मी रजिस्टरमध्ये एक रकाना वाढवला: "घासण्याआधी ग्लिसरीनमध्ये पाहिला का?" निवृत्त होईपर्यंत तो एकदाही कोरा ठेवला नाही.