सहाणेवरचं चिनी मूळ

आई कतारमध्ये, दोह्याला आली ती माझ्या बाळंतपणासाठी. बॅगेत कपडे नावाला, बाकी डिंक, अळीव, वेखंड आणि बाळगुटी उगाळायला चक्क दगडी सहाण. "नातवंडाला मीच न्हाऊ घालणार," असं तिनं आल्या आल्या जाहीर केलं. म्हणजे पाटावर बसून, पाय लांब करून, त्यावर बाळाला पालथं घेऊन. अडचण एकच, तिचे गुडघे. खाली बसली की उठवायला दोघं लागत, आणि माझं पोट बघता दोघं म्हणजे नवरा एकटाच.

ओल्ड एअरपोर्ट नावाच्या वस्तीतल्या आमच्या व्हिलाचे मालकानं तुकडे करून फ्लॅट पाडलेत. शेजारच्या तुकड्यात माझ्याच वयाची एक चिनी बाई राहते. तिची आणि आईची गट्टी भाषेवाचून जमली. आईचे गुडघे बघून तिनं घरचं औषध आणून दिलं, कुठल्याशा मुळाचे काळपट, वाळके काप. दोन तास उकळायचं, कमी नाही, असं तिनं मला इंग्रजीत पुन्हा पुन्हा बजावलं. मी आईला मराठीत बजावलं. आई हो म्हणाली. माझ्या आईचं हो म्हणजे 'तू बोल, मी ऐकतेय' एवढंच.

दुपारी ती पलंगावर बसली होती. "आगं, ओठाला मुंग्या आल्यात," म्हणाली. मग हात बधिर झाले, मग छातीत धडधड सुरू झाली. नवरा शहरात, मुशैरिब भागातल्या ऑफिसात. मी शेजारचं दार बडवलं. चिनी बाई धावत आली, ओट्यावरची सहाण, तिच्यावर उगाळलेलं मूळ आणि मधात कालवलेलं उरलंसुरलं चाटण तिनं पाहिलं आणि गाडीची किल्लीच उचलली.

हॉस्पिटलात पडद्यावर आईच्या हृदयाची रेघ वाटेल तशी उड्या मारत होती. मी घाबरले. बाळ येईल आणि आजी नसेल, एवढं एकच डोक्यात फिरत होतं.

मल्याळी डॉक्टरांनी हिंदीत समजावलं की हे मूळ आपल्या बचनागाच्याच जातीचं. खूप वेळ उकळलं तर त्यातलं विष पुष्कळसं उतरतं, नाहीतर ते हृदयाची चाल बिघडवतं. संध्याकाळी रेघ सरळ चालू लागली आणि आईला कंठ फुटला.

"बचनाग व्हय? मग आधी न्हाई का सांगायचं!"

"उकळ म्हणून सांगितलं होतं ना?"

"दोन तास उकळल्यावर त्यात ऱ्हातंय काय? गुण उगाळण्यात आसतो."

मी इतकी हसले की नर्सनं मलाच खुर्ची दिली.

चिनी बाई मात्र त्यानंतर आमच्याकडे फिरकेना. घरी परतल्यावर आई गुडघे दाबत, भिंतीला धरत तिच्या दाराशी गेली आणि डिंकाचा लाडू तिच्या तोंडात कोंबला. "तिची काय चूक?" मला म्हणाली. "मूळ तिचं, पर सहाण माझी."

मुलगी झाली. पहिल्या न्हाणाच्या दिवशी आईनं पाट मांडला, साडी खोचली, वाकली आणि अर्ध्यातच थांबली. गुडघे काही केल्या दुमडेनात. तिचे डोळे भरले, माझेही. मी ओली बाळंतीण, मला बसता येत नव्हतं.

"जा, तिला बोलीव," आई म्हणाली.

चिनी बाई पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाटावर बसली, पाय लांब केले, आणि आईनं माझी लेक त्या पायांवर पालथी ठेवली. आई शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर, हातात तांब्या. "मान धर. आता चोळ. यल्ला, यल्ला!" 'चल, चल' एवढंच अरबी ती दोह्यात शिकली होती. पहिलं पाणी पडलं, लेकीनं टाहो फोडला आणि आम्ही तिघी एकदम हसत सुटलो.

आई त्या लांब केलेल्या पायांकडे बघत होती.

"गुडघे बघ कसे हायेत हिचे," मला म्हणाली. "उकळून पीत आसंल."