पाहुणे, पंखा आणि फायटर

घरात फायटर मासे वाढवायचे माझे दोन प्रयत्न फसले होते. या माशाचा नर पाण्यावर बुडबुड्यांचं घरटं करतो, अंडी त्यात एकेक ठेवतो आणि पिल्लं फुटेपर्यंत तिथून हलत नाही. मादीला लगेच बाजूला काढावं लागतं, नाहीतर ती अंडी खाते. माझं पहिलं घरटं स्वयंपाकघरात मिक्सरच्या हादऱ्याने गेलं. दुसरं, आईने काचेचं झाकण फोडल्यावर, पंख्याच्या वाऱ्याने बाराच्या भावात गेलं. तिसऱ्या वेळी मी टब हॉलच्या कोपऱ्यात ठेवला आणि पंख्याच्या बटणावर चिकटपट्टी मारली.

यंदा अंडी पडली, आणि नेमकं त्याच रविवारी राधानगरीकडची मंडळी मला बघायला येणार होती. महिना मे. बाबा कडाडले, "ह्ये स्थळ त्या माशांपायी गेलं, तर टब गटारीत ओतणार." मी अबोला धरला. शेवटी तोडही त्यांनीच काढली: लाईट गेलीय म्हणून सांगायचं.

पाहुणे आले, बसले, निथळायला लागले. "काय सांगायचं पावणं, सकाळपास्नं लाईट न्हाय बघा," बाबा म्हणाले. तेवढ्यात आत फ्रिज घुरघुरला. त्याचा विचार आमच्यापैकी कुणीच केला नव्हता.

मुलाचे वडील ताडकन उठले. "मी जन्मभर वायरमन हुतो की. थांबा!" बाबा आडवे जाईपर्यंत त्यांनी चिकटपट्टी ओढून बटण दाबलंसुद्धा. पंखा पाचवर.

"बंद करा!" आम्ही तिघं एकदम किंचाळलो. पोह्यांचा ट्रे मुलाच्या मांडीवर ठेवून मी टबाकडे धावले. घरटं निम्मं विस्कटलं होतं, अंडी खाली चालली होती. मग सगळं खरं सांगावंच लागलं.

पाहुणेमंडळी टबाभोवती उकिडवी बसली. नर खाली जायचा, एक अंडं तोंडात धरायचा, वर आणून बुडबुड्यांत ठेवायचा, परत खाली जायचा. मुलाची आई नवऱ्याला म्हणाली, "बघा जरा. ह्येला बाप म्हंत्यात." नवरा पंख्याकडे बघत राहिला. अर्धा तास कुणी मला उंची विचारली नाही की स्वयंपाक येतो का, विचारलं नाही. खोटं कशाला सांगू, इतका सुखाचा बघण्याचा कार्यक्रम माझ्या वाट्याला कधीच आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मध्यस्थी करणाऱ्या मावशींचा फोन आला. पोरगी बरी हाय, पण घरातली माणसं जरा इचित्र हायत. स्थळ गेल्याचं मला काडीचं वाटलं नाही, पण टब आठवला आणि रडूच फुटलं. डोळे पुसत हॉलमध्ये गेले. बटणावर नवी चिकटपट्टी होती. बाबा उघडेबंब, घामाघूम, टबापुढे मांडी घालून बसले होते.

"बाबा, नकार आलाय."

त्यांनी मान वळवली नाही.

"हळू बोल की. अजून दोन अंडी खाली हायत, आन् त्यो दमलाय."