बीअरमध्ये भिजवलेलं धपाटं बरं होतं

बीअर प्यायला लोक बेल्जियमला जातात, मी नांदेडला गेलो. हे वाक्य कट्ट्यावर टाकल्यावर हशा पिकला, तेव्हाच तिकीट रद्द करायला हवं होतं. पण आठ वर्षं मी या ब्लॉगवर बीअरबद्दल लिहितोय, पुण्यातल्या ब्रुअरींत बसून फेसाच्या उंचीवर परिच्छेद पाडतोय, आणि आठही वर्षं लातूरहून एकच निरोप येतोय: "पुणेकर, एकदा ये. माझं धपाटं खाऊन सांग."

निरोप धाडणारा बसवराज. नांदेडजवळच्या विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात आम्ही चार वर्षं एका खोलीत राहिलो. पुढे इंजिनिअरिंग दोघांनीही केलं नाही. त्याने सासऱ्यांचं लातूरचं हॉटेल आणि त्याला चिकटलेली परमिट रूम चालवायला घेतली, मी लोकांची टिंगल लिहायला घेतली. बसवराज लिंगायत. कपाळावर विभूती, गळ्यात लिंग, दारूचा थेंब कधी जिभेला लावलेला नाही. आणि हा गृहस्थ बीअर घालून स्वयंपाक करतो. चाखायचं कुणी, एवढाच प्रश्न.

नांदेडला सकाळी उतरलो. आधी रिक्षाने विष्णुपुरी. धरणाच्या भिंतीवरून गोदावरी पाहिली, आमचं होस्टेल लांबूनच पाहिलं, आणि रखवालदाराने "कोण पायजे?" विचारल्यावर तिथूनच परत फिरलो. जाणाऱ्यांसाठी सूचना: गुरुद्वाऱ्याचं दर्शन आणि बीअर एकाच दिवशी ठेवू नका, तेवढी लाज बाळगा. मी दर्शन परतीच्या यादीत टाकलं. परतीच्या यादीतलं काहीच होत नसतं.

दुपारी स्टेशनजवळच्या एका परमिट रूममध्ये शिरलो. उन्हातून आत गेल्यावर पाच मिनिटं फक्त कूलर ऐकू येतो, माणसं नंतर दिसतात. वेटर आला. "स्ट्राँग का माइल्ड?"

"गव्हाची बीअर आहे का?"

"गव्हाची पोळी मिळंल, साहेब."

मग त्यालाच काहीतरी आठवलं. फ्रीजच्या तळातून त्याने एक बाटली काढली, फडक्याने पुसली. "ही कुणी घेत न्हाई. परवा एकानं घेतली, म्हणला साबणाचं पाणी हाय." ग्लासात ओतली तर गढूळ सोनेरी रंग, संत्र्याच्या सालीचा वास, मागे लवंगेचा हलका चटका. सोबत खारे शेंगदाणे आणि लिंबू पिळलेला कांदा. पुण्यात याच बाटलीला जवळपास दुप्पट मोजून वर सजावटही पिणं भाग पडतं.

शेजारच्या टेबलावर भोकरचे एक काका ट्रॅक्टरचा पार्ट मिळेपर्यंत वेळ काढत होते. त्यांची नजर माझ्या ग्लासावरून हलेना, म्हणून त्यांना थोडी ओतून दिली. त्यांनी घोट घेतला, छताकडे बघितलं आणि म्हणाले, "बरी हाय."

गेली, म्हटलं. 'बरी आहे' हे आमच्या पुण्यात एखाद्याला संपवायचं सभ्य हत्यार आहे. एवढ्यात काकांनी वेटरला हाक मारली, "ह्याच्यातल्या दोन आण."

"काका, म्हणजे आवडली?"

"हाव. बरी हाय म्हणलो की!" असं म्हणून त्यांनी माझ्याकडे, मराठी येत नसलेल्या माणसाकडे बघावं तसं बघितलं.

मी वहीत लिहून घेतलं: इथे हाव म्हणजे होकार, बरं म्हणजे उत्तम. होस्टेलात चार वर्षं राहून हे कधी कानावर घेतलं नव्हतं. स्वतःवर फार खूश झालो. त्याच खुशीने पुढे घात केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी लातूरची एसटी. लोहा, अहमदपूर करत साडेतीन तास धरा. रस्ता बरा आहे (पुण्यातल्या अर्थाने). लोह्याला गाडी थांबली तर टपरीवाल्याने विचारलं, "सुशीला देऊ का?" पन्नाशीच्या माणसाला असे प्रश्न कुणी विचारत नाही, म्हणून लगेच हो म्हणालो. भिजवलेल्या चुरमुऱ्यांना कांदा-मिरचीची फोडणी, वर दाण्याचं कूट. जरूर खा.

लातुरात चौकाचौकात डॉक्टर घडवणाऱ्या क्लासचे फलक. ते संपतात तिथे बसवराजचं हॉटेल. तो फाटकातच उभा होता. पोट सुटलंय, आवाज तोच.

"आलास बाबा. आठ वर्षं लावून राहिलास."

आत महादेवीवहिनी गल्ल्यावर होत्या. पाणी देता देता म्हणाल्या, "भाऊजी, तुम्हीच सांगा आता यांना काय ते. एक तारखेपासून किचन मागायलाय एक चायनीजवाला. पक्कं भाडं देतो म्हणतो. आन् हे म्हणतेत, माझं धपाटं हाय."

"गिऱ्हाईक काय म्हणतं?" मी विचारलं.

"गिऱ्हाईक!" बसवराज उसळला. "तीन बाटल्यांवर त्याला टेबलसुद्धा चवदार लागतंय. मला शुद्धीतली जीभ पायजे. तुज्या जिभेनं आजवर कुणाला सोडलं न्हाई. तू सांगशील ते फायनल."

मग त्याने परातीत ज्वारीचं पीठ घेतलं, थोडं बेसन, लसूण-मिरचीचा ठेचा, तीळ, आणि वरून काळी बीअर ओतली. पीठ चुरचुरलं. त्याने कान परातीजवळ नेला. स्ट्राँगने धपाटं कडू होतं, माइल्डने नुसतं फुगतं, काळीने ज्वारीचा भाजका वास वर येतो. हे सगळं त्याने नाकाने आणि कानाने शोधलं होतं. मळून झाल्यावर हात साबणाने दोनदा धुतले आणि मगच गळ्यातलं लिंग शर्टाच्या आत सारलं.

"अरे, तव्यावर दारू उडून जाते," मी म्हणालो. "एक घास खाल्लास तर काय होतंय?"

"उडती ना. पण ओतताना मी बघितलेली असती की."

ओल्या फडक्यावर थापलेलं धपाटं तव्यावर पडलं, उलटलं, ताटात आलं. वर लोण्याचा गोळा. मी पहिला घास घेतला.

काय सांगू? बाहेरून कुरकुरीत, आत मऊ, आधी ठेच्याचा जाळ आणि मागून एक कडसर, गूळ करपल्यासारखी चव, ती तर संपतच नव्हती. ब्रुअरींच्या मेन्यूंत आठ वर्षं जे शोधत होतो, ते एका न पिणाऱ्या माणसाने वासावर करून ठेवलं होतं. बसवराज हातात उलथनं घेऊन माझ्या तोंडाकडे बघत होता. आणि माझ्यासारख्या माणसाला काही मनापासून आवडलं की तो हुशारी करतो. मी भोकरच्या काकांसारखं छताकडे बघितलं आणि म्हणालो, "बरं आहे."

"बरं?"

"बरं आहे."

त्याने गॅस बारीक केला. "बरं," म्हणाला. मी चार धपाटी खाल्ली, तो त्याचे चिरंजीव, क्लासची फी, पाणी यांवर बोलत राहिला. मला वाटलं, समाधानाने शांत झालाय. संध्याकाळी त्याने स्टेशनवर सोडलं, गाडी सुटेपर्यंत उभा राहिला.

पंधरा दिवसांनी हा लेख लिहायला घेतला, वाचकांसाठी पत्ता विचारायला फोन केला.

"पत्ता कशाला? किचन दिलं की. चायनीज चालू झालं."

"का रे?"

"तूच म्हणलास, बरं आहे."

"अरे, तुमच्याकडं बरं म्हणजे चांगलं ना! आदल्याच दिवशी नांदेडात एका काकांकडून शिकलो होतो मी!"

त्याने मागच्या चायनीजवाल्याला कढई जरा हळू वाजवायला सांगितलं.

"हाव. आमच्याकडं," बसवराज म्हणाला. "पण बोलणारा तू होतास. होस्टेलात हीटरवर पिठलं करायचो मी. तू म्हणायचास, बरं आहे, आन् चप्पल घालून बाहेर जेवायला जायचास. चार वर्षं, पुणेकर."

मी म्हणालो, धपाटं उत्तम होतं, इतकं चांगलं मी कुठेच खाल्लेलं नाही. एवढं सरळ वाक्य मी कित्येक वर्षांत बोललो नव्हतो.

"आता म्हणून राहिलास," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. "चल, ठिवतो. गिऱ्हाईक आलंय."

परवा घरी करून पाहिलं. ज्वारीचं पीठ, महागातली काळी बीअर. तीन धपाटी फडक्यालाच चिकटली, चौथं तव्यावर फाटलं. कान लावून ऐकलं, मला काही ऐकू आलं नाही.

तुम्ही जाणार असाल तर नांदेड-लातूर दोन दिवसांत आरामात होतं. लातुरात क्लासचे फलक संपले की डाव्या हाताला हॉटेल दिसेल, विभूती लावलेला माणूस दारात असेल. नूडल्स मिळतात. बरे असतील, माझ्या अर्थाने. ते मागवू नका. मेन्यूत नसलेलं बीअरचं धपाटं मागा. तो न्हाई म्हणेल. तरी मागा.