हाती आलेला पासपोर्ट

आखाती देशातल्या आमच्या बांधकामाच्या साइटवरचा फोरमन एका सकाळी मजुरांशी गोड बोलू लागला, तेव्हाच मला संशय आला. एरवी उन्हाने चक्कर येऊन पडलेल्यालाही तो लाथेने उठवायचा. त्या दिवशी मजुरांची परिस्थिती पाहायला बाहेरचे पाहुणे येणार होते, सोबत कॅमेरे. मजुरांचे पासपोर्ट मजुरांकडेच असतात हे दाखवायला त्याने कपाटात कोंडलेले पासपोर्ट ज्याचे त्याला वाटून टाकले. फोटो झाले की परत जमा करायचे होते.

नांदेडकडचा एक गवंडी वर्षभर घरी जायची परवानगी मागत होता. त्याने पासपोर्ट उघडून स्वतःचाच फोटो निरखला.

"साहेब, खरा हाय ना?"

मी साइटवरचा कारकून, पण मलाही शंका होतीच. मी उलटसुलट पाहिला. खरा होता.

भाषणं झाली. माणुसकीवर सर्वांत लांबलचक फोरमनच बोलला. पाहुणे गाडीकडे वळताच तो पुटपुटला, "यल्ला, चलो, जमा करो."

गवंड्याने पासपोर्ट बनियनच्या आत सरकवला आणि थेट पाहुण्यांना गाठलं. "साब, इंडियन एम्बसी तक छोड़ दोगे?"

कॅमेरे चालूच होते. पाहुण्यांनी स्वतः गाडीचं दार उघडलं. फोरमनने हसून हात हलवला आणि मागे वळला, तर पासपोर्ट परत द्यायला एकाही मजुराने हात पुढे केला नव्हता.