दुसऱ्या बाजूची दाढ

नवऱ्याने माझा जबडा मोडला, त्याला आता काही वर्षं झाली. आमच्या घरात ही गोष्ट अशी कुणी सांगत नाही. आमच्या घरात माझी अक्कलदाढ वाईट होती.

आमच्या प्रताप नगरच्या फ्लॅटवर नवऱ्याचे ऑफिसातले लोक आले होते. नवी गाडी घेतली म्हणून तो ऐटीत सांगत होता. पोहे वाढता वाढता मी बोलून गेले, "नवी कुठली, सेकंड हँड आहे." पाहुणे हसले, तोही हसला. पाहुणे लिफ्टमध्ये शिरेपर्यंत हसतच होता. मग दार लावून त्याने मूठ मारली. पुढे सगळे तिला थापड म्हणाले, म्हणून मुद्दाम सांगते, मूठ होती.

दवाखान्यात तो म्हणाला, बाथरूममध्ये पडली. माझ्या माहेराहून, महाल भागातून, माझे मोठेबाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, धावत आले. वडील गेल्यापासून आमच्याकडचं सगळं तेच ठरवतात. डॉक्टरीणबाईंनी एक्सरे उजेडासमोर धरला. डाव्या कानाखाली जबडा वळतो, तिथं अक्कलदाढ हाडात आडवी रुतून बसली होती. "एवढी जागा दाढेनं घेतली, म्हणजे तेवढं हाड कमीच," त्या म्हणाल्या. "जोराचा मार बसला की तिथंच मोडतं. उजवीकडेही तशीच आहे. त्रास नसेल तर राहू द्या. कुस्ती-कबड्डी खेळणाऱ्यांना मात्र आम्ही आधीच काढायचा विचार करा म्हणतो." मार कशाचा, हे त्यांनी मला पुन्हा पुन्हा विचारलं. माझ्या तोंडात रक्त होतं आणि शेजारी नवरा उभा होता.

डावीकडची दाढ काढून त्यांनी हाड जुळवलं आणि वरचे-खालचे दात तारेने आवळून बांधले. मी आईकडे महालात आले. नळीने वरणाचं पाणी पीत, दातांतूनच आईला सगळं खरं सांगितलं. तिने मोठेबाबांना सांगितलं आणि मोठेबाबांनी बैठक बोलावली. आमच्याकडे असंच असतं. दोन्हीकडची मोठी माणसं सतरंजीवर बसतात, चहा होतो आणि बाईला सासरी कधी पोचवायचं ते ठरतं.

"पोराचा हात उठला, चुकलंच," माझे सासरे म्हणाले. "पण एका थापडीनं कोणाचं हाड मोडते काय गा? दाढच कमजोर होती."

"डॉक्टरीणबाईनंच सांगतलं न मले," मोठेबाबांनी मान डोलावली.

मी बांधलेल्या दातांतून ओरडायला गेले, तर आईने माझा हात दाबला. "बोलू नको वं, तार ढिली होईल."

माझी सख्खी माय! माझ्या काळजीपोटीच माझं तोंड बंद करून राहिली होती. माझ्या अंगाची नुसती आग झाली.

शेवटी ठरलं, की तार निघाली की उजवीकडचीही दाढ काढून घ्यायची आणि मगच पोरीला पोचवायचं. "म्हणजे पुन्हा असं व्हायले नको," मोठेबाबा म्हणाले. सगळ्यांना पटलं. एकालाही त्या वाक्याची लाज वाटली नाही. नवरा खाली मान घालून चहात बिस्किट बुडवत होता.

तार काढायला मोठेबाबाच सोबत आले. शेवटचा तुकडा निघाला तसे ते म्हणाले, "आता उजवीकडचीबी काढून टाका."

"काहून? दुखून राहिली का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"दुखत नाही. पण पोरगी सासरी जाऊन राहिली न."

डॉक्टरीणबाईंनी हातातली पकड ट्रेमध्ये ठेवली. "काढली तर हा कोपरा मजबूत होईल, काका. मग मार वर जाईल, कानाजवळच्या सांध्याकडे. तिथलं मोडलं तर जोडायला याहून कठीण. त्याच्यासाठी काय काढू, तेही सांगा."

मोठेबाबा चप्पल शोधायला लागले. माझा जबडा इतका आखडला होता, की तोंडात बोट जात नव्हतं. तरी मी बोलले, "दाढ राहू द्या. मी जाणार नाही."

बैठकीचा शब्द मोडला म्हणून मोठेबाबा अजून माझ्याशी धड बोलत नाहीत. आई तर शेजारणींना अजूनही सांगते, "दाढेचा त्रास होता वं तिले." पूर्वी मी ऐकून घ्यायचे. आता आतल्या खोलीतून ओरडते, "दुसरी दाढ जागेवरच आहे, नवरा काढला!"