सांडणीचा ताप

मारवाडात उंटांच्या तपासणीला आलेल्या नव्या डॉक्टरानं भर दुपारी उंट पाळणाऱ्या झमकू रायकिणीच्या सांडणीला थर्मामीटर लावला. "काकी, ताप आहे. सुई देतो."

झमकू उखडली. "सुई ठेव तुझ्यापाशी! आठवडाभर पाणी नाही तिला. घाम गाळत बसली तर मरेल. म्हणून ऊन अंगातच साठवते ती. पहाटे ये."

पहाटे सांडणीचं अंग गार लागलं. डॉक्टर ओशाळून निघून गेला.

नवरा गेला तेव्हा झमकूच्या डोळ्यांतून टिपूसही आलं नव्हतं. जावा तिला अजून दगड म्हणतात. सांडणीच्या मानेला गाल लावून ती पुटपुटली, "तुझं बरंय बाई. तुझी आग रोज पहाटे निवते."