वधूपक्षाची खोली, स्टॉल पहिला: भाईंदरला दोन दिवस

नाशिकहून भाईंदरला कोणी फिरायला जात नाही, आम्ही गेलो ते टेबलं कुठे मांडायची हे ठरवायला. आमचा एक छोटा गट आहे. मोफत आणि मुक्त सॉफ्टवेअर लोकांपर्यंत न्यायचं, एवढाच त्याचा उद्योग. यंदाचा मेळावा भाईंदर पश्चिमेच्या एका लग्नाच्या हॉलमध्ये होणार आणि प्रात्यक्षिकांचे स्टॉल माझ्याकडे. गेल्या वेळी लोक आले, स्टॉलवरच्या पडद्यांकडे लांबूनच बघितलं, चहा घेतला आणि गेले. यंदाही तसंच झालं तर गट गुंडाळायचा, असं प्रत्येकाच्या मनात होतं. बोलत कोणी नव्हतं इतकंच. म्हणून फोनवर नकाशे काढत बसण्यापेक्षा जागा डोळ्यांनी बघून यावी, असं मी आणि निखिलने ठरवलं. निखिल आमच्यातला उत्साही प्रोग्रामर. गाडी त्याची, पेट्रोल-टोल अर्धा-अर्धा.

सकाळी लवकर निघालात तर कसारा घाट मोकळा मिळतो. घाट उतरल्यावर मिसळ खा, कारण भिवंडीनंतर थांबावंसं वाटत नाही. आणि घोडबंदर रोडवर ट्रकच्या मागे अडकायची तयारी ठेवा. आम्ही तिथे इतका वेळ उभे होतो की निखिलने स्टॉलची यादी मला दोनदा ऐकवली. जुन्या लॅपटॉपला पुन्हा पळवणारं लिनक्स, चित्रं काढायचं सॉफ्टवेअर, नकाशे, आणि शेवटी त्याचा लाडका स्टॉल: दृष्टिहीनांसाठी पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर.

"मी डोळ्यांवर पट्टी बांधून दाखवणार," तो म्हणाला. "लोक बघतच राहतील."

मुक्काम भाईंदरजवळच्या मुर्ध्याला, माझ्या कॉलेजच्या मैत्रिणीकडे, स्मिताकडे. एकेकाळी यांची भातशेती आणि मिठागरं होती. आता घराच्या एका बाजूला टॉवर उभा राहतोय, दुसऱ्या बाजूला अजून खाडीचा वारा येतो. काकूंनी तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या बोंबलांचं कालवण केलं होतं. स्मिताचे बाबा, नारायणकाका, खिडकीपाशी बसले होते. बँकेत नोकरी केलेला, रोज तीन पेपर वाचणारा माणूस. काचबिंदूने दोन्ही डोळे गेले, तेव्हापासून उंबरठ्याबाहेर पडले नाहीत, असं स्मिताने मला आधीच सांगितलं होतं.

जेवणं झाल्यावर निखिलने हौसेने लॅपटॉप उघडला, डोळ्यांना रुमाल बांधला आणि प्रात्यक्षिक सुरू केलं. काका ऐकत होते.

"काय बांधलंस डोल्यांना?" त्यांनी विचारलं. रुमालाचं स्मिताने त्यांच्या कानात सांगितलं असणार.

"काका, म्हणजे लोकांना कळावं, न बघता कसं..."

"सोड तो रुमाल. तुना वाटलं की काढशील. मना काढता येत न्हाय."

निखिलचा चेहरा पडला. त्याने रुमाल सोडून खिशात घातला. स्मिताच सावरायला म्हणाली, "बाबा, तुम्हीच बघा ना जरा. आजचा पेपर लावू?"

 काका नको म्हणाले नाहीत. निखिलने लॅपटॉप त्यांच्या मांडीवर ठेवला आणि त्यांचं बोट खालच्या बाणाच्या बटणावर नेलं. एक दाब, एक ओळ. आवाज यंत्राचा, कोरडा, सगळे शब्द एका सुरात.

"ह्यो बोलतंय का भांडतंय?" काका म्हणाले. पण बोट हललं नाही. पुढची ओळ. पुढची. मग, "जरा हलू बोलव त्याला." निखिलने वेग कमी केला. काकांनी अख्खा अग्रलेख ऐकला, दोनदा मागे जाऊन, आणि शेवटी मांडीवर थाप मारून म्हणाले, "चूक! साफ चूक लिवलंय!" का चूक, हे त्यांनी आम्हाला भरपूर वेळ समजावलं.

काकू स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या होत्या. पदराने डोळे टिपत म्हणाल्या, "कवापासून पेपराशी भांडले न्हाय हे."

दुसऱ्या दिवशी हॉल बघायला निघालो तर काका शर्ट-पँट घालून तयार. "मी पण येतंय," एवढंच म्हणाले. स्मिता गाडीत त्यांच्या शेजारी बसली आणि रस्ताभर खिडकीबाहेर काय काय दिसतंय ते सांगत राहिली. मध्येच काका म्हणाले, "माहीत हाय गो मना," आणि हसले.

हॉल ऐसपैस आहे, पण विजेचे पॉइंट सगळे स्टेजजवळ. व्यवस्थापक म्हणाला, "बाकी ठिकाणी लाइन पाहिजे तर मांडववाल्याला सांगावं लागेल, तो खेचून देतोय." काकांना आम्ही स्टेजजवळच्या टेबलापाशी बसवलं, लॅपटॉप लावला. पंखे फिरत होते, व्यवस्थापक माइक तपासत होता.

"एक अक्षर समजत न्हाय," काका म्हणाले. "हितं बसलो तर मी नुसता शोभेचा."

तेव्हा माझ्या लक्षात आलं, ते स्टॉलवर बसायचं धरूनच चालले होते. आम्ही त्यांना विचारलंही नव्हतं.

शांत जागा शोधता शोधता दारालगतची एक खोली सापडली. बाहेर पाटी, 'वधूपक्ष'. आत मोठा आरसा, दोन प्लग, आणि दार लोटलं की कमालीची शांतता. काका आत बसले, लॅपटॉप बोलायला लागला, शब्द न् शब्द स्वच्छ.

"नवरी कुठंय?" निखिलने भीतभीत विनोद केला.

"मीच," काका म्हणाले. स्मिता इतकी हसली की भिंतीला टेकली. निखिलही हसला, कालपासून पहिल्यांदा.

दुपारी काकांना घरी सोडून आम्ही केबिन रोडच्या बाजारात गेलो. इथे येणार असाल तर गाडी लांब लावा आणि चालत जा. एक्स्टेन्शन बोर्ड आणि चांगले हेडफोन हवे होते. दुकानदार म्हणाला, "दीदी, ये लो, शादी में भी यही जाता है." लग्नाचाच हॉल असल्याने मी घेऊन टाकले. संध्याकाळी स्मिताने उत्तनला नेलं. पश्चिमेहून पालिकेची बसही जाते, अगदी स्वस्तात. किनाऱ्यावर रंगवलेल्या होड्या, बांबूंवर रांगेने वाळणारे बोंबील, आणि मावळतीकडे तोंड करून जाळं विणणारे दोघं. वास सहन होत नसेल तर थोडं थांबा, सवय होते. तिथे वाळूत बसून आम्ही सगळी यादी नव्याने लिहिली. स्टॉलला सॉफ्टवेअरची नावं द्यायची नाहीत, माणसांची गरज लिहायची, हे निखिलनेच सुचवलं. 'जुना लॅपटॉप भंगारात देताय?' 'दिसत नाही, पण वाचायचंय?'

नाशिकला परत येऊन आता आठवडा झाला. हॉलचा नकाशा पक्का झालाय. पहिला स्टॉल वधूपक्षाच्या खोलीत, कारण दारातून आत येणाऱ्याला तीच आधी लागते. मेळाव्याला किती लोक येतील, कोणास ठाऊक. पण गट गुंडाळण्याचा विषय या आठवड्यात कोणी काढलेला नाही, आणि रात्री झोपताना मला टेबलांची नाही, त्या खोलीतल्या हसण्याची आठवण येते.

काल स्मिताचा फोन आला. काकांनी बँकेतल्या जुन्या मित्राला, उत्तनच्या एका गृहस्थांना, फोन लावला होता. त्यांचीही नजर गेलीय, तेही घरातच असतात. दोघं बराच वेळ बोलले. फोन ठेवल्यावर काकांनी माझ्यासाठी निरोप दिला:

"तिला सांग, माझ्या बाजूला अजून एक खुर्ची ठेव. तो येतंय."